खाडा

मेसच्या दाराशी, चपला काढायच्या जागेच्या वर, एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर निळ्या शाईत चार नियम. पैसे पाच तारखेच्या आत भरावेत. ताटात घेतलेलं टाकू नये. रविवारी संध्याकाळी मेस बंद राहील. आणि चौथा: खाडा सलग तीन दिवसांचा असेल आणि आदल्या दिवशी सांगितला असेल तरच धरला जाईल.

पुण्यात मेसवर जेवून शिकलेल्या माणसाला हा चौथा नियम समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात. मधे गावी गेलात तर तेवढ्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. त्या न जेवलेल्या दिवसांना खाडा म्हणतात. एखाद्या दिवसाचा खाडा कुणी धरत नाही, कारण तुमच्या वाटणीची डाळ सकाळीच शिजलेली असते.

मी २०११ च्या पावसाळ्यात जालना जिल्ह्यातल्या एका गावातून पुणे विद्यापीठात संख्याशास्त्रात एम. एस्सी. करायला आले. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. औंध रस्त्याच्या बाजूला एका घरात वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत तीन कॉट, तीन पत्र्याची पेटीवजा कपाटं आणि एक खिडकी. बाकीच्या दोघींपैकी एक नंदुरबारची, एक चिपळूणची. आम्ही एकमेकींना नावाने कमी आणि गावाने जास्त हाक मारायचो. मी जालना. घरमालकिणीने चहापुरती विजेची शेगडी ठेवायला परवानगी दिली होती. स्वयंपाक करायचा नाही, हे तिने तीन वेळा सांगितलं होतं.

मेस दोन गल्ल्या सोडून. एका काकूंनी स्वतःच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत काढलेली, पन्नास-साठ जणांची. दोन वेळचे महिन्याला सोळाशे रुपये. मुलींसाठी तीन चपात्यांचा डबा शंभर रुपयांनी स्वस्त होता आणि बऱ्याच मुली तोच लावायच्या. काही जणी तर एक डबा दोघींत खायच्या. मी पहिलं वर्षभर मेसमध्ये बसून पूर्ण ताट जेवले. चार चपात्या, एक भाजी, वरण-भात, कधी कोशिंबीर, कधी नुसता कांदा. मुलं वरणाला नावं ठेवायची. मीही ठेवली. त्याचं मला पुढे वाईट वाटलं, ते सांगते.

२०१२ चा पावसाळा आमच्याकडे आलाच नाही म्हणावं इतका कोरडा गेला. अण्णांची तीनशे झाडांची मोसंबी होती, बारा वर्षांची. मोसंबीला पहिलं चांगलं फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, त्यामुळे बाग म्हणजे आमच्याकडे घरातल्या वाढत्या मुलासारखी असते. तिचं वय सगळ्यांना पाठ असतं. दिवाळीच्या आधीच विहिरीने तळ दाखवला. अण्णांनी टँकर लावला. जिल्हाभर लोक हेच करत होते, माणसांना प्यायला टँकर आणि झाडांना जगवायला टँकर. ज्यांचं ते झेपेना त्यांनी बागा तोडल्या. त्या हिवाळ्यात जालन्याच्या रस्त्यांवरून मोसंबीच्या लाकडांनी भरलेले ट्रॅक्टर जाताना मी पाहिले आहेत.

अण्णांनी फोनवर पैशांचं कधी काढलं नाही. ते झाडांचं सांगायचे. “वरल्या अंगाची चाळीस गेली.” मग पंधरा दिवसांनी, “विहिरीजवळची तेवढी धरून ठेवलीत.” मी त्यावरून हिशेब करायची की या महिन्यात किती मागायचे. जानेवारीत मी निम्मे मागितले आणि सांगितलं की मेसचा दर कमी झालाय.

फेब्रुवारीत काकूंना म्हणाले, आठ दिवस गावी जातेय. त्यांनी वहीत माझ्या नावापुढे खाडा लिहिला. मी गावी गेले नाही.

तो आठवडा मला तासातासाने आठवतो. मेस विद्यापीठाच्या वाटेवर होती, म्हणून मी लांबच्या वाटेने जायची. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी वडापाव. चारला पुन्हा चहा. रात्री कधी बिस्किटं, कधी पुन्हा वडापाव आणि कधी ‘विभागात कार्यक्रम होता, तिथे खाल्लं’ असं खोलीत सांगून पाणी. भुकेपेक्षा खोटं सांभाळणं जड होतं. कुठे काय सांगितलंय ते लक्षात ठेवायचं, जेवणाच्या वेळी खोलीत असायचं नाही, मैत्रिणीने डबा उघडला की खाली काहीतरी काम काढायचं. भूक लागलेल्या माणसाचं निम्मं बळ ती लपवण्यात जातं, हे मला तेव्हा कळलं. आता वर्गात एखादं पोर जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयात बसलेलं दिसलं की मला आधी तेच दिसतं.

सहाव्या दिवशी जयकर ग्रंथालयात पुस्तकाच्या घोडीसमोर उभी असताना डोळ्यांपुढे काळं आलं. पडले नाही, घोडीला धरून खाली बसले. चिपळूणची बरोबर होती. तिने आधी मला दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. बाईमाणसाला ते १२ तरी हवं. डॉक्टरबाईंनी “जेवतेस ना?” असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “काल दिवसभरात काय काय खाल्लंस, सकाळपासून सांग.” या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सुटता येत नाही. मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, गोळ्या देते, पण चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर घ्यायचा नाही, जेवणातलं लोह त्याने अंगी लागत नाही. आणि लिंबू रोज. मी त्या आठवड्यात जेवणाच्या जागी चहा घेत होते.

दवाखान्यातून आल्यावर मी वही काढली. मला प्रत्येक गोष्टीचा हिशेब लिहायची सवय होती. आठ दिवसांच्या खाड्याचे सुटणार होते सव्वाचारशे रुपये. सहा दिवसांत चहा, बिस्किटं आणि वडापाव यांवर गेले होते २६० आणि रक्ततपासणी व गोळ्यांवर १८०. अजून दोन दिवस बाकी होते आणि मी पंधरा रुपयांनी तोट्यात होते. वर सहा दिवस अभ्यासाचं एक पान डोक्यात शिरलं नव्हतं. हे आकडे मी मुद्दाम इथे लिहिते आहे, कारण पैसे कमी पडले की पहिली कात्री जेवणाला लावायची, हे शहाणपण मला घरातल्या, शेजारच्या, गावातल्या सगळ्या बायकांकडून न शिकवता मिळालं होतं. आईने दुष्काळात तेच केलं होतं. ते शहाणपण नव्हतं.

चिपळूणचीने दवाखान्यातून मला खोलीवर सोडलं आणि सरळ काकूंकडे जाऊन सगळं सांगितलं. मला तिचा राग आला होता. दुसऱ्या दिवशी काकूंनी बोलावून घेतलं.

काकू मूळच्या माढ्याकडच्या. बोलायला धारदार. चपात्या लाटता लाटताच म्हणाल्या, “खाडा घ्यायचा होता तर घ्यायचा. पण खोटा का घेतलास?”

मी म्हणाले, “काकू, पैसे नव्हते.”

“मग तसं सांगायचं. मी काय दारातून हाकलून देणार होते?” थोडा वेळ लाटण्याचाच आवाज. “उद्यापासून सकाळी सहाला यायचं. लसूण सोलायचा, पीठ मळायचं, सातला भाजी चिरायची. आठला तू मोकळी. अर्धे पैसे द्यायचे. आणि ताट पूर्ण घ्यायचं, मुलींचा डबा-बिबा नाही.”

मला वाटतं, त्यांनी मला फुकट जेव म्हटलं असतं तर मी मेस सोडली असती. त्यांना ते माहीत होतं.

पुढचे तीन महिने मी रोज सकाळी सहा ते आठ त्या स्वयंपाकघरात होते, आणि कमी पैशांत चांगलं कसं खातात हे मी तिथे शिकले. साठ माणसांचं स्वयंपाकघर म्हणजे एक वेगळं गणित असतं. एका वेळेला दोन किलो तूरडाळ. म्हणजे माणशी साधारण तेहतीस ग्रॅम. त्यात पाणी जास्त दिसतं, पण डाळ तेवढी असते. काकू डाळ कधी कमी करत नसत, पाणी कमीजास्त करत. मुलं ज्या वरणाला नावं ठेवायची त्यात डाळ मोजून पडत होती, हे मी माझ्या हाताने पाहिलं. मी घरी आल्यावर हिशेब मांडला. चार चपात्या म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कणीक, त्यातून चौदा-पंधरा ग्रॅम प्रथिनं. वरणातून सात. भातातून चारेक. भाजीचं किरकोळ धरलं तरी एका ताटात पंचवीसच्या वर. दोन वेळचं मिळून पन्नास. पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला सुमारे शेहेचाळीस ग्रॅम लागतात असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलं आहे. म्हणजे दोन्ही वेळचं पूर्ण ताट जेवणारी मुलगी उपाशी नव्हती. तीन चपात्यांचा डबा दोघींत खाणारी उपाशी होती.

मात्र मेसच्या जेवणात एक गोष्ट खरंच कमी होती, हिरवं. पालेभाजी निवडायला माणूस लागतं. साठ माणसांची मेथी निवडायची म्हणजे दोन बायकांची अख्खी सकाळ. म्हणून मेसमध्ये बटाटा येतो, फ्लॉवर येतो, कोबी येतो. चिरला की झालं. मेसवाले कंजूष असतात म्हणून बटाटा असतो असं नाही, मेथीला लागणारे हात महाग असतात. मी कामाला लागल्यावर काकूंनी आठवड्यातून एकदा मेथी आणायला सुरुवात केली. आदल्या संध्याकाळी खडकी बाजारात सात-साडेसातनंतर गेलं की विक्रेत्यांना जुड्या संपवायच्या असतात. सकाळी दहाची जुडी तेव्हा पाच-सहाला मिळते, आणि शिजवायचीच असते तर थोडी मलूल असली म्हणून काही बिघडत नाही. डाळी, तांदूळ, गूळ हे काकू महिन्यातून एकदा मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून उचलायच्या. उसळ आठवड्यातून दोनदा, मटकीची नाहीतर मुगाची. मोड आणायला जुन्या सुती साडीचं फडकं, आदल्या दुपारी भिजवून रात्री बांधायचं आणि तांब्याच्या पातेल्यात झाकून ठेवायचं. एक किलो मटकीचे मोड आले की दोन किलोच्या वर भरते. नुसती दिसायला नाही, पोटाला हलकीही होते.

त्या म्हणायच्या, “स्वस्त जिन्नस आणि हलक्या प्रतीची जिन्नस यातला फरक कळला की बाई कुठेही संसार करील.”

विद्यापीठात कमवा व शिका योजना होती, अजूनही आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने. तिथल्या कामाच्या वेळा माझ्या तासांशी जुळल्या नव्हत्या. पण काकूंच्या स्वयंपाकघरात लसूण सोलताना मला भाऊरावांची, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आठवण यायची. आमच्या शाळेच्या भिंतीवर दोघांचे फोटो होते. भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढलं. मुलं एकत्र राहायची, एकत्र काम करायची, एका पंगतीत जेवायची. त्या मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही. शाळेत हे ऐकताना मला त्यागाची गोष्ट वाटायची. पिठाचा डबा उपसताना वाटलं, ती बाई रोज सकाळी किती भाकरी लागणार हे मोजत असणार.

त्याआधीच्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं लागली की आठवडा भरला. ज्यांना वार मिळायचे नाहीत ते माधुकरी मागायचे. या मार्गाने शिकून मोठी झालेली माणसं बरीच आहेत आणि त्या घरांतल्या बायकांनी परक्या पोरांना वर्षानुवर्षं वाढलं, हे मला मोठंच वाटतं. पण ती दारं बहुतेक ब्राह्मण मुलांनाच उघडत होती. माझ्या आजोबांना पुण्यात कुणी वार दिला नसता. म्हणून राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात काढलेली बोर्डिंगं आणि भाऊरावांचं साताऱ्याचं वसतिगृह यांना माझ्या लेखी शाळांइतकीच किंमत आहे. पोराच्या जेवणाची सोय लागली नाही तर शाळेचं दार उघडं असून त्याला काय उपयोग?

आणि ज्यांच्या नावाने आज ते विद्यापीठ ओळखलं जातं त्यांचंही या बाबतीत काम आहे. मी बाहेर पडले तेव्हा पाटीवर पुणे विद्यापीठ होतं, २०१४ मध्ये सावित्रीबाई फुल्यांचं नाव लागलं. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव, सावित्रीबाई आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं होतं. दुष्काळातल्या पोरांना जेवू घालणाऱ्या बाईचं नाव त्या दारावर आहे, याचा मला फार आनंद होतो.

इकडे खोलीतही बदल झाला. नंदुरबारची माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि बोलली ते “आम्ही मेलो होतो का?” एवढंच. त्या रात्री आम्ही तिघींनी कॉटवर बसून पेट्या उघडल्या. मेसच्या दोन जेवणांच्या मधे जी भूक असते, सकाळची आणि रात्री अकराची, तिच्यासाठी प्रत्येक जण बाहेर पैसे घालवत होती, आणि तिघींच्या पेट्यांत घरून आलेलं काही ना काही पडून होतं. माझ्याकडे कारळाची आणि जवसाची चटणी, ज्वारीच्या लाह्या. चिपळूणचीकडे कुळथाचं पीठ आणि आमसुलं. नंदुरबारचीकडे आमचूर, वाळवलेल्या मिरच्या आणि तिच्या आजीने बांधून दिलेला गूळ.

मी संख्याशास्त्राची. मी त्या आठवड्यात खडकी बाजारातले भाव लिहून आणले आणि एका रुपयात किती ग्रॅम प्रथिनं मिळतात याचा तक्ता भिंतीवर लावला. २०१३ च्या सुरुवातीचे भाव. दुधातून रुपयाला साधारण एक ग्रॅम. अंडं चार रुपयांना होतं, त्यातून दीड. शेंगदाण्यातून पावणेतीन. मटकीतूनही तितकंच. हरभऱ्यातून तीनच्या वर. सोयाबीनच्या वड्या सुट्या घेतल्या तर सहा. आता भाव सगळे वर गेलेत, तरी हरभरा आणि शेंगदाणा दुधाच्या पुढेच आहेत, कुणीही करून बघावं. तक्त्यातून दूध काढून टाकलं नाही, चिपळूणचीला झोपताना दूध लागायचं, आणि सगळंच काही तक्त्यावर चालत नाही.

मग आमचा रोजचा क्रम बसला. सकाळी मूठभर भिजवलेले हरभरे किंवा मोडाचे मूग, त्यावर कांदा, लिंबू आणि कारळाची चटणी. दुपारी विभागात जाताना प्रत्येकीच्या पिशवीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा. रात्री दिव्याखाली अभ्यास चाललेला असताना शेगडीवर कुळथाची पिठी, फोडणी नाही, नुसता ठेचलेला लसूण आणि आमसूल. घरमालकिणीला वास आला. वर आली, पातेल्यात डोकावली, म्हणाली, “हा चहा आहे होय?” आणि वाटी पुढे केली. ती मूळची राजापूरची निघाली. त्यानंतर तिने स्वयंपाकाचा नियम पुन्हा काढला नाही. थंडीत आईने अळिवाचे लाडू पाठवले, बाग जात असतानाही पाठवले. मे महिन्यात पुन्हा रक्त तपासलं, ११.२ होतं.

आम्ही महिन्याला माणशी अडीचशे रुपये काढत होतो या सगळ्यासाठी. आधी बाहेरच्या चहा-वड्यावर प्रत्येकीचे सहाशे जायचे. पैसे वाचले, पण त्याहून मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिघींच्या खाण्याचा हिशेब एका वहीत आला, तेव्हा कुणी जेवलं नाही तर ते दिसू लागलं. हरभरे उरले की कुणीतरी विचारायचंच, आज कुणाचं खायचं राहिलं?

या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निघालं. त्या आकड्यातल्या किती जणी शिकायला घराबाहेर पडलेल्या आणि डबा अर्धा करून खाणाऱ्या असतील, असं माझ्या मनात येतं. मी आता जालन्यात महाविद्यालयात शिकवते. दर जूनमध्ये माझी चार-दोन मुलं-मुली पुण्याला जातात, कुणी विद्यापीठात, कुणी सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला. त्यांच्या आई-वडिलांशी मी खोलीच्या भाड्याआधी जेवणाचं बोलते. विद्यापीठाच्या आसपास दोन वेळच्या मेसला आता तीन-साडेतीन हजार लागतात. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना वसतिगृह मिळालं नाही तर २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, त्यात पुण्यात राहणाऱ्याला जेवणासाठी वर्षाचे ३२ हजार धरले होते. दहा महिने धरले तर महिन्याला बत्तीसशे. म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो, तोही पैसे वेळेवर हातात पडले तर. मेसचे पैसे पाच तारखेला द्यायचे असतात.

२६ जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरू झालं. दहा रुपयांत दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण आणि दीडशे ग्रॅम भात. शहरातल्या थाळीची किंमत पन्नास धरून वरचे चाळीस सरकारने द्यायचे. पहिल्या महिन्यातच मी कामानिमित्त पुण्यात असताना मुद्दाम जाऊन जेवले. रांगेत हमाल होते, रिक्षावाले होते आणि पाठीला सॅक लावलेली दोन मुलं होती. ती मुलं खाली मान घालून उभी होती. मला त्यांना सांगावंसं वाटलं की मान वर करा. त्या ताटात दोन चपात्यांनी तरुण मुलाचं पोट भरत नाही हे खरं, दोन जास्तीच्या हव्या होत्या. पण वरण घट्ट होतं, भात गरम होता, आणि दहा रुपयांत मी खोट्या खाड्याच्या त्या आठवड्यात जे काही खाल्लं होतं त्यापेक्षा हे ताट दसपटीने चांगलं होतं.

पुण्याला जाणाऱ्या मुलांना मी आता एक सुती फडकं देते, मोड आणायला. आणि फोनवर ‘जेवलास का’ असं विचारत नाही. काय जेवलास, दुपारी काय होतं, वरण होतं का, किती चपात्या घेतल्यास असं विचारते. एका मुलाने मागच्या वर्षी या प्रश्नावर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. त्याच संध्याकाळी मी त्याच्या मेसवाल्यांचा नंबर मिळवला.

काकूंची मेस कोविडच्या वर्षी बंद झाली ती पुन्हा उघडली नाही. गुडघे गेलेत त्यांचे. मी गेल्या डिसेंबरात भेटायला गेले. पुढच्या दोन खोल्या आता भाड्याने दिल्यात, पण आत स्वयंपाकघरात तोच ओटा आणि ओट्याखाली तोच पिठाचा डबा. त्यांच्या सुनेने पाट मांडला. मी म्हणाले, काकू, मी जेवून आलेय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला फेब्रुवारी आठवला.

“काय जेवलीस?” त्यांनी विचारलं.

मी गप्प बसले. त्यांनी सुनेला ताट वाढायला सांगितलं. मेथीची भाजी होती, निवडलेली, देठं काढलेली, लसणाच्या फोडणीची.

“रक्त किती आहे आता?”

“साडेबारा, काकू.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि डाव्या हाताने गुडघा धरून, वाकून, स्वतःच्या हाताने ताटात अजून एक चपाती टाकली.